हॉलमधलं वैरणीचं जनावर

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात वैरणीचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. शाळवाचा कडबा यंदा शेकड्याला काय भावानं गेला, उसाची वाढी कुणाच्या फडातून मिळतील, लसूणघासाची पुढची कापणी कधी धरायची, हे इथलं शाळकरी पोरगंसुद्धा सांगतं. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशातली कुटुंबं जनावरांसोबत म्हसवडच्या चारा छावणीत महिनोन्‌महिने मुक्कामाला राहिली, ती वैरणीपायीच. आणि याच मुलखातल्या शहरांत, साताऱ्याच्या सदरबझारपासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत, फ्लॅटच्या हॉलमध्ये एक किलोभर वजनाचं वैरणीचं जनावर पिंजऱ्यात बसलेलं असतं. त्याच्यापुढं वाटीत बाजरी असते, सूर्यफुलाचं बी असतं, पावाचा तुकडा असतो, क्वचित मारी बिस्कीटही असतं. वैरणीची मात्र काडी नसते.

गिनीपिग घरात येतो तो बहुतेक वेळा तडजोड म्हणून. मुलाला कुत्रं हवं असतं आणि सोसायटीला ते नको असतं. मांजराचे केस आईला चालत नाहीत. मासे पाहून आठवड्यात कंटाळा येतो. मग कुणीतरी हे सुचवतं: चावत नाही, भुंकत नाही, पिंजऱ्यात मावतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात खाण्याबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘काही त्रास नाही हो, काहीही खातंय.’ या उत्तरानं जेवढे गिनीपिग मारले असतील तेवढे मांजरांनी मारले नसतील, असं माझं मत झालं आहे.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पेरू-बोलिव्हियाकडच्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी तो माणसाळवला, तोही खाण्यासाठी. तिकडच्या खेड्यांत आजही स्वयंपाकघराच्या जमिनीवर, चुलीच्या उबेला त्यांचे कळप हिंडतात आणि त्यांच्यापुढं पडतो तो लसूणघास, मक्याची पात, भाजीचा टाकाऊ पाला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला. तिथं आधी श्रीमंतांच्या घरचं खेळणं झाला आणि मग प्रयोगशाळेत पोचला. आपल्याकडं त्याचं नाव आलं ते या प्रयोगशाळेच्या वाटेनं. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांनी कॉलऱ्याची लस बनवताना जंतू गिनीपिगांच्या पोटातून पुन्हापुन्हा फिरवून घेतले होते. हॉलमधला पिंजरा ही फार अलीकडची गोष्ट.

विश्रामबागेतल्या एका घरात मी बसलो होतो. घरातला मुलगा सहावीतला, गिनीपिग पांढरा-तपकिरी, जेमतेम वर्षाचा. आटपाडीकडून आजी आलेल्या. त्यांनी चष्मा सारखा करून पिंजऱ्यात वाकून बघितलं.

‘आरं, ह्येची वैरण कुठाय?’

‘आजी, ती गाय नाहीये. गिनीपिग आहे तो.’

‘असंल. पर दात तर काडी खायाचं दिसत्यात. ह्या कोरड्या चपातीवर कंचं जनावर जगतंय व्हय?’

आजी खाली उतरल्या आणि इमारतीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटमधून मूठभर हरळी उपटून, झटकून, नळाखाली धुऊन घेऊन आल्या. पिंजऱ्याच्या दारातून एक पात आत सरकवली. गिनीपिगानं तिचं टोक पकडलं, आणि मग शिवणयंत्राखाली कापड सरकत जावं तशी ती अखंड पात, हाताचा वा पायाचा आधार न घेता, तोंडात सरकत गेली. खालचा जबडा मागंपुढं इतका भराभर हलत होता की ओठ थरथरल्यासारखे दिसत होते. जवळ कान नेला की बारीक करकर ऐकू येते. पात संपली तशी त्यानं मान वर करून लांबलचक शीळ घातली. ‘मागतंय बग,’ आजी म्हणाल्या.

आजींना त्याच्या शरीरशास्त्रातलं काही ठाऊक नव्हतं आणि तरी निदान अचूक होतं. गिनीपिगाला वीस दात असतात आणि ते सगळेच्या सगळे, पुढचे पटाशीचे आणि आतल्या दाढाही, आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजतात ते एकमेकांवर घासून, आणि ही घासणी घडते ती तंतुमय गवत दिवसभर चघळत राहिल्यानं. पाव-चपाती दोन चावांत गिळली जाते. मग दाढा वाढतात, तिरक्या होतात, कधी खालच्या दाढा जिभेवर कमान धरतात. जनावराला भूक असते, ते वाटीपाशी जातं, घास उचलतं आणि टाकून देतं. घरच्यांना वाटतं नखरे करतंय.

पोटाचंही तसंच. गाय खाल्लेलं आधी पोटात आंबवते आणि मग रवंथ करते. गिनीपिगाचा आंबवण्याचा कारखाना आतड्याच्या पुढच्या टप्प्यावर, अंधांत्रात असतो. तिथले जंतू गवताच्या तंतूंवर जगतात. तिथं तयार झालेलं सत्त्व वाया जाऊ नये म्हणून तो आपलीच एक प्रकारची मऊ लेंडी थेट तोंडात घेऊन परत खातो. ‘घाण खातंय हो’ ही तक्रार मी दोन-तीन घरांत ऐकली. ती घाण नव्हे, रवंथाचीच दुसरी रीत आहे. तंतू कमी पडले आणि पिठूळ, गोड खाणं वाढलं की अंधांत्रातले जंतू बिघडतात, वायू धरतो आणि आतडं थबकतं. गिनीपिगाला ओकारी काढता येत नाही. आत गेलेलं आतच राहतं.

म्हणून पहिला नियम गोठ्यातलाच: वैरण हे जेवण, बाकी सगळा खुराक. प्रयोगशाळांचा जुना हिशेब असा आहे की १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण ६ ग्रॅम खाणं आणि १० मिलिलिटर पाणी लागतं. किलोभर वजनाच्या मोठ्या जनावराला म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम कोरडं खाणं, वर्षाला बावीसेक किलो. एक चांगली दुभती गाय दोन दिवसांत जेवढा सुका ऐवज फस्त करते, तेवढ्यात याचं वर्ष निघतं. बाहेर देशात त्यासाठी टिमोथी नावाचं वाळलेलं गवत वापरतात. ते आता आपल्याकडंही ऑनलाइन मिळतं, चकचकीत पाकिटात, आणि किलोचा भाव बघून कडब्याचा शेकडा आठवतो. परवडत असेल त्यानं जरूर घ्यावं. न परवडणाऱ्यानं हताश व्हायचं कारण नाही.

इथं काय आहे ते बघू. हरळी म्हणजे दूर्वा. सांगलीच्या गणपती मंदिरासमोर तिच्या जुड्या बांधून विकतात. ताजी चालते, सावलीत वाळवून साठवलेलीही चालते. मारवेल हे बांधावरचं, माळावरचं गवत तर मऊ देठाचं आणि याच्या तोंडाला अगदी जमणारं. जावळी, पाटण, कोयनेकडच्या डोंगरांवर दिवाळीनंतर गवत कापून त्याच्या गंजी रचतात. त्यातली पेंढी ओळखीच्या शेतकऱ्याकडून सहज मिळते. ती घेताना मात्र एक बघायचं: कुसळ. कुसळी गवताची बारीक, टोकदार, पीळ पडलेली कुसळं गाय-म्हैस सोसते, पण एवढ्याशा प्राण्याच्या हिरडीत, जिभेखाली, डोळ्यात रुतून बसतात. गवत फुलोऱ्यावर येण्याआधी कापलेलं असलं तर उत्तम. नसलं तर पांढऱ्या कापडावर झटकून, निवडून घ्यावं, तांदूळ निवडतो तितक्या चिकाटीनं. बुरशीचा वास येणारी, काळी पडलेली पेंढी फुकट मिळाली तरी नको.

कडबा? शाळवाच्या कडब्याचं ताट याला फार जाड, पण त्याची वाळलेली पात कात्रीनं कापून घातली तर आवडीनं खातो. मुरघास नको, गाईच्या पोटाचं ते आंबवलेलं खाणं इथं चालत नाही. लॉनमोअरनं कापलेल्या हिरवळीचा ढीगही नको, तो तासाभरात आतून तापतो.

दोन गोष्टी इथल्या लोकांना वेगळ्यानं सांगायला हव्यात, कारण त्या इथंच मुबलक आहेत. एक उसाची वाढी. नुसत्या वाढ्यांवर राहिलेल्या गाईचं कॅल्शियम खालावतं, कारण वाढ्यातलं ऑक्झालेट ते बांधून टाकतं. त्यासाठी पशुवैद्य खनिज मिश्रण द्यायला सांगतात, हे गोठ्यागोठ्यांत माहीत आहे. मग गिनीपिगाला वाढी कशाला? आणि दुसरा लसूणघास. दुधासाठी सोनं, पण त्यात कॅल्शियम भरपूर. वाढत्या पिल्लाला, गाभण मादीला तो द्यावा. गाभणकाळ दोन महिन्यांच्या आसपासचा, आणि पिल्लं अंगावर केस, उघडे डोळे घेऊनच जन्मतात, दुसऱ्या दिवसापासून पाल्याला तोंड लावतात. मोठ्या जनावराला रोज लसूणघास घातला तर मूत्राशयात खडा धरण्याची भीती असते. लघवी लालसर दिसणं, लघवी करताना किंचाळणं ही त्याची खूण.

आता या प्राण्याची जी गोष्ट गाईच्या हिशेबात बसत नाही ती. गाय आपलं क जीवनसत्त्व आपणच शरीरात तयार करते. कुत्रं करतं, उंदीर करतो. माणूस, माकडं, काही वटवाघळं आणि गिनीपिग करत नाहीत. त्यांच्याकडं त्यासाठी लागणारं एक विकर कामच करत नाही. हे कळलं तेही गिनीपिगाच्या चुकीच्या जेवणामुळंच. १९०७ साली नॉर्वेत अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिच हे दोघे खलाशांच्या बेरीबेरीचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगांना नुसतं धान्य आणि पाव घातला. बेरीबेरी झालीच नाही. हिरड्यांतून रक्त, सुजलेले सांधे, ठिसूळ हाडं, म्हणजे स्कर्व्ही झाली. पाला घातल्यावर बरी झाली. हॉलमधल्या त्या वाटीतली बाजरी आणि पाव आठवा. होल्स्ट-फ्रॉलिच यांचा प्रयोग आपल्याकडं घरोघरी चालू आहे, फक्त नोंदी कुणी ठेवत नाही.

या शोधाचा धागा साताऱ्यापर्यंत येतो. हा सैनिकांचा जिल्हा. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं अपशिंगे (मिलिटरी) याच जिल्ह्यातलं. त्या युद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ अशी पाच महिने ती फौज कूट अल अमारा इथं तुर्कांच्या वेढ्यात अडकली. भाजीपाला संपला. गोऱ्या शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं. ते पांढऱ्या पावावर होते म्हणून त्यांच्यात बेरीबेरी पसरली. हिंदी शिपायांनी बराच काळ घोडा नाकारला, ते आटा-डाळीवर राहिले आणि त्यांना स्कर्व्हीनं गाठलं. कोरडं धान्य पोट भरतं, पण हिरड्या सांभाळत नाही. याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोघी गिनीपिगांना निरनिराळं खाणं घालून स्कर्व्ही कशानं टळते ते मोजत होत्या. कोरड्या कडधान्यानं ती टळत नाही, मोड आणलेल्या कडधान्यानं टळते, असं त्यांनी दाखवलं आणि फौजेसाठी त्याची शिफारस झाली. लष्कराच्या साठवलेल्या लिंबूरसावर फार भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, हेही त्यांच्याच गटाच्या प्रयोगांतून दिसलं. मटकीला मोड आणणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. पण पुरावा गिनीपिगानं दिला.

पुढं हंगेरीत सेगेड इथं आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी मिरचीच्या जातीतल्या पाप्रिकातून हे जीवनसत्त्व ढिगानं वेगळं काढलं, त्याचीही कसोटी गिनीपिगावरच झाली, आणि १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. पाप्रिकाची बहीण म्हणजे आपली ढबू मिरची. मंडईत ती बारमाही असते, तिखट नसते, आणि १०० ग्रॅममागे सव्वाशेच्या आसपास मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देते. निरोगी मोठ्या गिनीपिगाला वजनाच्या किलोमागे रोज १० ते २० मिलिग्रॅम लागतं, गाभण मादीला आणि पिल्लांना जास्त. म्हणजे ढबूची बोटभर लांब एक फोड, वीसेक ग्रॅमची, दिली की दिवसाचं काम झालं. औषधाचे थेंब नकोत, महागडं टॉनिक नको. पाण्याच्या बाटलीत जीवनसत्त्वाचे थेंब टाकायची जी पद्धत आहे ती तर सोडूनच द्यावी: उजेडात, पाण्यात ते झपाट्यानं नासतं आणि चव बदलली म्हणून जनावर पाणी कमी पितं.

ढबू नसेल त्या दिवशी पेरू. त्यात १०० ग्रॅममागे दोनशेच्या वर मिलिग्रॅम असतं. पण पेरू गोड. बिया काढून नखाएवढे दोन तुकडे, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. आवळा दिवाळीनंतर मंडईत येतो. आंबटपणामुळं काही गिनीपिग तोंड फिरवतात, काहींना वेड लागतं. करून बघावं. शेवग्याचा कोवळा पाला गावाकडं फुकट असतो. त्यात कॅल्शियमही बरंच, म्हणून चिमूटभर.

गाजराचा मात्र निष्कारण बोलबाला आहे. महाबळेश्वरची गाजरं कितीही देखणी असली तरी त्यात क जीवनसत्त्व नाममात्र आणि साखर बरीच. मूळ आपण खावं, वरचा हिरवा पाला त्याला घालावा. स्ट्रॉबेरीचंही तेच, फळ घरच्यांना आणि देठाजवळची हिरवी टोपी गिनीपिगाला. काकडी म्हणजे पाणी, उन्हाळ्यात ठीक. कोथिंबीर, मेथी, शेपू, चाकवत आलटून पालटून. पालक ऑक्झालेटवाला, म्हणून अधूनमधून. कोबी-फ्लॉवरचं पान फार झालं तर वायू धरतो. सगळं मिळून दिवसाला एक वाटी पाला, धुऊन, निथळून. मोड आलेली मटकी चार दाणे चालेल, वाटीभर नाही.

कांदा, लसूण, बटाटा आणि त्याचे मोड, टोमॅटोची पानं, अॅव्होकॅडो, चॉकलेट, दूध-दह्याचे पदार्थ, भात, फरसाण: काही नाही. आणि सांगलीकरांसाठी खास, द्राक्षाची पानं. तासगाव-पलूसकडच्या बागांत ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगासाठी फवारण्या सुरू होतात. त्या बागेतला पाला, बागेच्या कडेचं गवतसुद्धा, आणू नये. पाहुण्यांनी प्रेमानं पिशवी भरून दिली तरी नको.

पेलेट्स, म्हणजे गोळी खाद्य, हे गोठ्यातल्या पेंडीच्या जागी. दिवसाला एक-दोन चमचे पुरे. गिनीपिगासाठी बनवलेलंच घ्यावं; सशाच्या खाद्यात क जीवनसत्त्व घातलेलं नसतं, कारण सशाला ते लागत नाही. गिनीपिगाच्या खाद्यातलंही साठवणुकीत उडून जातं, म्हणून बनवल्याची तारीख वाचून तीन महिन्यांच्या आत संपेल एवढंच आणावं. रंगीबेरंगी दाणे मिसळलेलं पाकीट दिसायला छान असतं. ते दुकानातच राहू द्यावं.

स्कर्व्हीला फार दिवस लागत नाहीत, दोन-तीन आठवडे पुरतात. अंगाचे केस ताठ, विस्कटलेले दिसतात. चालताना मागचे पाय जड होतात. उचललं की ओरडतो, म्हणून मुलांना वाटतं चिडका झाला. त्याआधी वजन सांगतं. स्वयंपाकघरातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर रविवारी त्याला टोपल्यात बसवून वजन घ्यावं आणि कॅलेंडरवर लिहावं. पन्नासेक ग्रॅम उतरलं की सावध.

डॉक्टरांचा प्रश्न आहे. आपल्याकडचे पशुवैद्य गाई-म्हशींत आणि कुत्र्यांत मुरलेले. गिनीपिग पाहिलेले थोडे. साताऱ्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळपास कोण छोटे प्राणी बघतं याची चौकशी जनावर ठणठणीत असतानाच करून ठेवावी. आणि एक गोष्ट कधीच करू नये: घरात मुलासाठी आणलेलं अॅमॉक्सिसिलिनचं सिरप त्याला पाजणं. पेनिसिलिन जातीची औषधं तोंडावाटे दिली तर अंधांत्रातले चांगले जंतू मरतात, वाईट माजतात आणि जनावर काही दिवसांत जातं. ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरींनी मे १९४० मध्ये पेनिसिलिनची पहिली मोठी कसोटी उंदरांवर घेतली. गिनीपिगांवर घेतली असती तर औषध विषारी म्हणून बाजूला पडलं असतं, असं वैद्यकाच्या इतिहासात पुन्हापुन्हा म्हटलं जातं.

दिवाळीचे चार दिवस तर याच्या पोटाला सगळ्यात वाईट. येणारा प्रत्येक पाहुणा शंकरपाळं पुढं करतो, चकलीचा तुकडा जाळीतून आत ढकलतो. बाहेर फटाके वाजतात, आणि घाबरलेला गिनीपिग खाणंच सोडतो. त्याचं आतडं चालू राहतं ते सतत आत जाणाऱ्या गवतावर. ते थांबलं की आतडंही थांबतं. म्हणून पिंजरा रस्त्याच्या बाजूच्या खिडकीपासून काढून आतल्या खोलीत न्यावा, अर्धा भाग जाड चादरीनं झाकावा, गवताचा ढीग नेहमीपेक्षा मोठा ठेवावा आणि पिंजऱ्यावर ‘फराळ घालू नये’ अशी चिठ्ठी लावावी. भाऊबीजेला भाचराला गिनीपिग द्यायचा विचार असेल तर आधी त्या घरात महिनाभराचं निवडलेलं गवत पोचवा, प्राणी मागाहून. आणि सकाळचा पाला संध्याकाळी तसाच पडलेला दिसला, लेंड्या कमी झाल्या, तर लगेच डॉक्टरांना फोन लावा. पाडव्याची सुट्टी संपायची वाट बघू नका. एक दिवस उपाशी राहिलेला गिनीपिग दुसऱ्या दिवशी हाताला लागेलच असं नाही.